वावर ठोक्यानं, नाव नाही

"अम्मा, मुंह पे कपडा डालो. पेपरवाले आये हैं," शिपाई म्हणाला आणि हातातलं काळं फडकं त्यानं आत्याबाईंपुढं धरलं.

"काऊन? मले का देवी निंगाल्या?"

"मुलजिम का मुंह ढकते, अम्मा. रूल है."

"तं मंग जाय, मुलजिमाले धरून आन न् झाक त्याचं. मी भागीरथा भिवाजी, ह्या वावराची मालकीण. काढू दे फोटो. नीट काढजा म्हना, माह्या लग्नात बी कोनी काढला नव्हता."

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सगळं पळसधरा गाव जमलं होतं. त्यात कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, डोक्यावरचा पदरही मागं सारला आणि बाजारात कमी तोलणाऱ्या दुकानदाराकडं बघावं तसं कॅमेऱ्याकडं बघितलं.

कार्तिकाची सकाळ होती. काळ्या जमिनीत दव मुरलं की ओला, कोवळा वास सुटतो, तो त्या दिवशी आलाच नाही. नाल्यापलीकडच्या तुरीच्या तासांतून उपटलेली गांज्याची झाडं पोलिसांनी धुऱ्यावर रचली होती आणि त्यांच्या उग्र वासानं माझं डोकं भणभणत होतं. माझे दिवस भरत आले होते. मी पळसाला टेकून उभी होते. आदल्या दिवशी पोलिसांचा ड्रोन, तो यंत्राचा भुंगा, वावरावरून घोंघावत गेला, तेव्हा आम्ही सासू-सुना अंगणात मूग निवडत बसलो होतो. "कोनी फवारा मारून राह्यला वाटते," म्हणून आत्याबाईंनी मानही वर केली नव्हती.

एस्सैनं, म्हणजे फौजदारानं, एकच गोष्ट विचारली. पट्टा कोणाच्या नावावर? पट्टा, म्हणजे जमिनीचा मालकीचा कागद, आत्याबाईंच्या नावावर. झालं. कसतं कोण, हे विचारायला त्याच्या कागदात जागाच नव्हती. पूर्वी पहाणीच्या उताऱ्यात कसणाऱ्याचं नाव लिहायचे, आता तो रकानाच राहिला नाही.

"वावर खुशालनं ठोक्यानं केलं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "माहा मालक गेला, माहे गुडघे गेले, पोरगा उटनूरले हापिसात. मी कोनत्या पायानं कसू?"

"कागद कहां है?"

"कागद कायले? पाडव्याले शब्द झाला, च्या झाला."

एस्सैनं गर्दीकडं पाहिलं. खुशाल पुढंच उभा होता. पांढरा शर्ट, बोटात जीपची किल्ली.

"मले काय मालूम, साहेब," तो म्हणाला. "म्हातारी हाय बिचारी. वेचाईले बाया पायजे म्हने, तं मी आनून देल्ल्या. येवढाच माहा संबंध."

मी गर्दीतल्या एकेका तोंडाकडं बघत गेले. वावर खुशालनं ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या मक्त्यानं, केलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सगळ्यांच्या बायका खुशालच्याच जीपमध्ये बसून निंदायला, वेचायला जातात. तोंड उघडलं की काम बंद. बायांनी पदराची टोकं दातांत धरली. आत्याबाईंनीही एकवार सगळ्यांकडं पाहिलं, आणि पोलिसांच्या गाडीत एकट्या चढल्या. शिपाई हात द्यायला गेला, तर म्हणाल्या, "सोड बापू. बंडीत चढलेली बाई हाय मी."

त्यांना आदिलाबादच्या जेलात ठेवलं. मी बाळंतपणाला मावल्याला माहेरी गेले. जेलपासून आमचं घर आटोत बसून जाता येईल एवढं जवळ, पण माझी मुलगी जन्मली तेव्हा तिची आजी भिंतीआड होती. निरोप द्यायला माझे मालक, हर्षदीप, गेले.

"नाकडोळी कोनावर गेली रे?" गजांपलीकडून आत्याबाईंनी विचारलं.

"तुह्यावरच, आई."

"मंग बारसं थांबव. मी येते तवा करू."

बारसं थांबलं. थंडीभर माझी लेक बिननावाची राहिली. कुणी चिमणी म्हणे, कुणी बाळी. मांडीवर पडल्या पडल्या ती हसायला लागली, तेव्हा कुठं जामीन झाला. आत्याबाई पळसधऱ्याला न जाता तशाच मावल्याला आल्या. हातपाय धुतले आणि दोन्ही तळवे लुगड्याला पुन्हा पुन्हा पुसले.

"आन माह्या मैत्रीले," म्हणाल्या. नाव तिकडंच ठरवून आल्या होत्या.

माझ्या आईनं भीत भीत विचारलं, "तिथं त्रास झाला का हो, विहीणबाई?"

"कायचा तरास? बसून खाल्लं. नळाले पानी येते तिथं. आमच्या पळसधऱ्यापरीस बरं हाय." सगळे हसलो. मी लंगोट आणायला आत गेले आणि परत आले तर आत्याबाई मैत्रीच्या टाळूला नाक लावून, डोळे मिटून बसल्या होत्या. मी दारातच थांबले. त्या वेळी आत जाणं मला चोरी करण्यासारखं वाटलं.

गावी आलो त्याच आठवड्यात खुशाल संत्र्यांची पिशवी घेऊन आला. ओसरीवर बसला. मैत्रीला बघून म्हणाला, "गोड हाय हो पोरगी."

"काम सांग," आत्याबाई म्हणाल्या.

"मावशी, केस लांबून राह्यली. तुमी म्हाताऱ्या मानूस, कोर्टाच्या पायऱ्या चढान, उतरान, कायले पायजे? एक सांगतो. कबूल करून टाका. ढोरायच्या पोटफुगीले चार झाडं लावली होती म्हना. कोर्ट वय पाह्यते. जेवढं आत राह्यल्या तेवढ्यावर सुटान. वकील माहा, गाडी माही."

"न् झाडं?"

"झाडं काय आता... जळाली ती."

"कोनाची होती म्हनते मी."

खुशालनं किल्ली बोटाभोवती फिरवली. "मावशी, मले दोन पोरी हायेत लग्नाच्या."

"मंग लावताना पोरी नव्हत्या का घरात?" आत्याबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "आइक खुशाल. मी तुले वावर ठोक्यानं देल्लं. नाव नाई देल्लं. वावर घे, पिकव, खाय. नाव माह्यं हाय, त्यात तुले काई पेरता येत नाई. संत्री उचल न् चाल."

"पस्तावान, मावशी."

"जेलातून आली मी. आता तू मले काय भेव दाखवते रे?"

संत्री त्यानं नेली नाहीत. आत्याबाईंनी ती पिशवी उचलून त्याच्या जीपच्या टपावर ठेवली आणि जीप निघाली तशी संत्री रस्ताभर घरंगळत गेली. गावची पोरं धावली. त्यांचं फावलं.

पण खुशाल जे बोलला तेच आमचे वकील, रविकांत, बोलले तेव्हा घरात भांडण लागलं. रविकांत वकील सरळ माणूस. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, पट्टा यांच्या नावावर, माल यांच्या शेतात, ठोक्याचा कागद नाही. लढलो आणि हरलो तर शिक्षा मोठी. कबुली दिली तर वय पाहून कमी होऊ शकेल. ठरवा तुम्ही.

"आई, मान्य करू," हर्षदीप म्हणाले. कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर आम्ही बसलो होतो. "मले तू घरी पायजे. बाकी काईच नोको."

"तुह्या हापिसातले काय म्हनतात तुले? गांजावालीचा पोरगा?"

हापिसातले तसंच म्हणत होते, मला ठाऊक होतं. हर्षदीप जेवणाचा डबा एकटे खातात हेही ठाऊक होतं.

"म्हनू दे," आत्याबाई म्हणाल्या. "आज ते खोटं बोलून राह्यले. मी कोर्टात हो म्हनलं का ते खरं बोलतीन."

"पन तू पुन्हा आत गेली तं?"

"तं जाईन. खोटं बोलून घरी बसन्यापरीस खरं बोलून तिथं बसीन."

मी सासू आणि नवऱ्याच्या मध्ये कधी बोलत नाही. त्या दिवशी मैत्री माझ्या पदराखाली दूध पीत होती आणि तिची मूठ माझ्या बोटाभोवती घट्ट होती. मी म्हटलं, "उद्या ही शाळेत जाईल. आजीनं कबूल केलं होतं, हे मी हिला कोणत्या तोंडानं सांगू?"

हर्षदीपनी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. कपातला थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि म्हणाले, "लढू."

वकिलांना तसं सांगायला आत गेलो. ते जरा वेळ पेन हातावर आपटत बसले. त्यांचंही घराणं मूळचं शेतीतलं. अचानक त्यांनी विचारलं, "त्या वर्षी त्या वावरात सीतादही कोणी केली हो?"

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. आत्याबाईंचं तोंड उघडंच राहिलं आणि मग त्या मांडीवर थाप मारून हसल्या. "अवं माय! पंचफुलानं केली ना. खुशालच्या बायकोनं!"

आमच्या भागात कापसाच्या पहिल्या वेच्याला वावरात सीतादही होते. धुऱ्याजवळ पाच खडे मांडायचे, हळदीकुंकू व्हायचं, दहीभाताचा नैवेद्य. ज्या घरचं पीक त्या घरची बाई ती करते, पहिला कापूस आपल्या ओटीत घेते आणि वेचणाऱ्या बायांना दहीभात वाढते. आमच्या घरी आजेसासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून सीतादही नाही. पोलीस यायच्या काही दिवस आधीच पंचफुलानं त्या वावरात ती केली होती. नारळ आणि दही खुशालनंच जीपमधून आणलं होतं. ठोक्याचा पुरावा राहू नये म्हणून कागद टाळणारा हा माणूस, पण बायकोनं सगळ्या बायांदेखत वावर आपलं म्हणून पुजलं, त्यात काही चुकलं असं त्याला वाटलंच नाही. वेचणी मात्र त्यानं नाल्याच्या अलीकडंच करवली. पलीकडं जहरी फवारा मारलाय, कोणी जाऊ नका, म्हणाला होता.

वेचणाऱ्या बायांपैकी दोघी साक्षीला हो म्हणाल्या. तारीख जवळ आली आणि खुशालच्या जीपनं त्या दोघींना कामाला म्हणून यवतमाळकडं नेलं. मागं उरली पंचफुला. तिला समन्स गेला. खुशाल पारावर बसून सगळ्यांना सांगत होता, "नेतो ना, मीच नेतो. माही बायको बराबर सांगते."

हातपंपावर आमची तिची गाठ पडली. ती हंडा लावून उभी होती. उंच, वाळकी, उन्हानं करपलेली बाई. आम्हाला बघून तिनं पंपाचा दांडा जोरजोरानं हलवायला सुरुवात केली.

"भागीरथाबाई, मले काई म्हनू नका," आत्याबाई बोलायच्या आधीच ती म्हणाली. "कोर्टात इचारलं तं सीतादही तुमीच केली म्हनीन. नवरा हाय माहा. तुमचा पोरगा नोकरीवर हाय, तुमाले पाहीन. मले कोन पाह्यते?"

"म्हन," आत्याबाई म्हणाल्या.

पंचफुलाचा हात थांबला.

"म्हन, मी नाई अडवत. फकत म्हनताना माह्याकडं पाहून म्हनजो."

मैत्री माझ्या कडेवरून पाण्याच्या धारेकडं झेपावत होती. पंचफुलानं ओंजळभर पाणी घेऊन तिच्या पायावर सोडलं, पोरगी खिदळली, आणि ती बाई हंडा डोक्यावर घेऊन मागं न बघता निघून गेली.

कोर्टात उन्हाळ्याची उकड होती. पंखा फिरत होता तो नुसता आवाजापुरता. जजबाई तेलुगू. मराठी कळायची, पण अडलं की शेजारच्या कारकुनाला विचारायच्या. खुशाल मागच्या बाकावर पाय पसरून बसला होता. पंचफुला इस्तरी केलेलं हिरवं लुगडं नेसून पिंजऱ्यात उभी राहिली.

"त्या वावरात सीतादही झाली होती?" रविकांत वकिलांनी विचारलं.

"झाली."

"भागीरथाबाईंनी केली?"

मागून खुशालनं घसा खाकरला. पंचफुलानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग हळूच मान वळवून आत्याबाईंकडं. आत्याबाई नुसत्या बघत होत्या. डोळ्यांत राग नाही, विनवणी नाही.

"हिनं?" पंचफुला म्हणाली. "हिच्या घरी कुठं असते सीतादही?"

"मग कोणी केली?"

"मी केली."

"अवं—" खुशाल अर्धा उठला. शिपायानं त्याला खाली बसवलं.

सरकारी वकील उभे राहिले. "म्हणजे म्हाताऱ्या बाईला मदत केली तुम्ही. शेजारधर्म. शेत यांचंच, पूजा तेवढी तुम्ही केली. असंच ना?"

"साहेब, शेजारधर्मानं मानूस धुनं धुवून देते, लेकरू सांभाळते. सीतादही कोनी शेजारधर्मानं करते का? ज्याचं बी त्याची बाई करते. दुसरीनं केली तं पिकाची लक्ष्मी दुसरीच्या घरी जाते."

कारकून जजबाईंच्या कानाशी लागला. त्यांनी चष्मा काढला आणि स्वतःच विचारलं, "ते शेत तुमचा नवरा करत होता?"

"करत होता. बी आमचं, खत आमचं, राबनं माह्यं."

"आणि गांजा?"

"ते मले इचारू नका, बाई. नाल्यापल्याड मले बी जाऊ देल्लं नाई त्यानं. त्याले इचारा. तो काय, बसला हाय तिथं." आणि मग, आता थांबणं तिच्या हातात उरलं नसल्यासारखी ती बोलतच गेली. "घरून मले शिकवून आनलं होतं, म्हातारीनं केली म्हन. म्हननारच होती. हिच्या नावावर वावर हाय का डोंगर हाय, मले काय करा लागते? पन तुमी सीतादही इचारली. उपाशी राहून, न्हाऊन, माह्या हातानं केलेली सीतादही मी दुसरीच्या नावावर करून देऊ, न् मंग कोनत्या वावरात पाय ठेवू?"

माझ्या मांडीवर मैत्री जागी झाली आणि तिनं बोळकं उघडून जांभई दिली.

निकाल पुढं, पाऊस लागायच्या तोंडावर लागला. आत्याबाई निर्दोष सुटल्या. खुशालच्या दारात पोलीस आले तेही नंतर. पण मला निकालाचा दिवस तितका आठवत नाही. आठवते ती साक्षीच्या दिवसाची संध्याकाळ.

कोर्टातून बाहेर आलो तर खुशालची जीप गेलेली होती. पंचफुला कडुनिंबाखाली एकटी उभी. तिच्याजवळ पिशवीसुद्धा नव्हती, ती जीपमध्येच राहिली होती.

"चाल, येष्टी लागली हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"तुमी जा. मी पाह्यते."

"काय पाह्यते? रस्ता? तो इथंच राह्यते. चाल."

उटनूरच्या गाडीत त्या दोघी एका सीटवर बसल्या. डोंगर लागले, सागाची पानगळ झालेली रानं लागली, खिडकीतून गरम वारा येत होता. हर्षदीपनी चौघांचं तिकीट काढलं तेव्हा पंचफुला म्हणाली, "मी घरी गेली का देईन," आणि मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागली. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं हात पसरले. मी मैत्रीला तिच्याजवळ दिलं.

पळसधऱ्याच्या फाट्यावर उतरलो तर खुशाल हॉटेलसमोर उभाच होता. चहा पिणारी माणसं बाकांवर दाटून बसलेली. बातमी आमच्या आधी पोचली होती.

"पंचफुला, घरी चाल," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण मी त्याची मूठ बघत होते.

पंचफुलानं मैत्रीला माझ्याकडं दिलं. लुगड्याच्या निऱ्या झटकल्या. भीत होती ती. तिचं नाक घामानं भिजलं होतं.

"जेवून येते," ती म्हणाली.

"कुठं जेवून?"

"यायच्या घरी."

बाकावरचे कप थांबले. पळसधऱ्यात तिच्या आळीतल्या बाया आमच्या आळीत कामाला हाका मारायला येतात, पण आमच्या घरचं पाणी त्यांच्यातलं अजून कुणी प्यालं नव्हतं. खुशालनं इकडंतिकडं बघितलं. एवढ्या माणसांत हात उचलावा की मान खाली घालावी, हे त्याला सुचेना. पंचफुला त्याच्या बाजूनं निघून आमच्या वळणाला लागली. आत्याबाई दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्यामागं.

मी चूल पेटवली. ज्वारीच्या भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी होती ती गरम केली. ओसरीवर तिला पाट दिला, तांब्या भरून ठेवला. बाहेर रस्त्यावर माणसं येरझारा घालू लागली होती, उगाच, काम नसताना. एकदोन बाया कुडापलीकडून माना उंचावत होत्या. तिला अवघडायला नको म्हणून मी दार ओढून घ्यायला गेले.

"प्रीती," आत्याबाई म्हणाल्या, "दार लावू नोको. पाहू दे त्याहिले."

पंचफुलानं तांब्या उचलला, वरून न ओतता तोंडाला लावला आणि घटाघटा प्याली. मग भाकरी मोडली.